खरडलेल्या जमिनीचा दुखवटा

नदीचे पात्र खरवडले जाते, टेकडी फोडली जाते, शंभर वर्षांचे झाड एका सकाळी आडवे होते, शेताची माती पुरासोबत निघून जाते. अशा जागी माणसांनी जमावे, गेलेल्या गोष्टीची आठवण एकमेकांना सांगावी आणि तिथेच सापडणारी माती, दगड, पाला, काटक्या हाती घेऊन मिळून काही मांडावे, ही सामूहिक कलेची एक रीत आहे. ती उघड्यावर होते, तिच्यात बघे नसतात आणि तिचा हेतू शोक हा असतो. अमेरिकेत ट्रेबी जॉन्सन यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘रॅडिकल जॉय फॉर हार्ड टाइम्स’ ही संस्था दर जूनमध्ये लोकांना अशा जखमी जागांवर जायला सांगते. लोक तिथे बसतात, बोलतात आणि हाती लागेल त्या वस्तूंचा एक पक्षी जमिनीवर मांडून परततात. आइसलँडमध्ये १८ ऑगस्ट २०१९ रोजी माणसे डोंगर चढून गेली आणि वितळून संपलेल्या ऑक्योकुल हिमनदीच्या जागी त्यांनी स्मृतिफलक बसवला. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी गावांभोवतालचा मुलूख बदलून गेला, तेव्हा तिथल्या माणसांच्या दुःखाला ग्लेन अल्ब्रेख्त या तत्त्वज्ञाने २००३ साली ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. गाव न सोडता गावाला मुकणे, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात या रीतीचा विषय निघाला की ती उडवून लावली जाते. हे परक्यांचे फॅड आहे, दुष्काळी मुलखाला पाणी हवे, अश्रू नकोत, असे म्हटले जाते. एक झाड गेले तर दहा लावा, रडत काय बसता, असा सल्ला मिळतो. आणि शेवटी सगळ्याचा फोटोपुरता कार्यक्रम होतो, असेही ऐकवले जाते. हे आक्षेप घेणारी माणसे बहुतेक वेळा मनापासून बोलत असतात आणि त्यांतल्या काहींनी स्वतः झाडे लावून जगवलेली असतात. म्हणून त्यांना नीट उत्तर देणे आवश्यक आहे, आणि ते परदेशातल्या दाखल्यांनी देऊन भागणार नाही. परभणी जिल्ह्यातील पाथरी हा तालुका त्यासाठी योग्य आहे, कारण इथे नुकसानीचे जवळजवळ सगळे प्रकार एकाच शिवारात सापडतात.

पाथरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. तालुक्यातून जायकवाडी धरणाचा डावा कालवा जातो. ढालेगाव आणि मुद्गल येथे नदीवर बंधारे आहेत. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी गावातून पुढे मानवत-परभणीकडे निघतो. जमीन काळी, खोल, भेगाळणारी; कपाशी, सोयाबीन आणि कालव्याच्या भरवशावर ऊस. गोदाकाठच्या इतर तालुक्यांप्रमाणे इथल्या पात्रातूनही वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली. वाळू म्हणजे नदीचे पाणी साठवणारी गादी. ती निघाली की पावसाळ्यानंतर पात्रात राहणारा ओलावा निघून जातो, काठच्या विहिरींची पातळी खाली सरकते आणि खाली उरलेल्या गाळावर वेड्या बाभळी धरतात. याच रेतीत उन्हाळ्यात टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावण्याची भोई समाजाची जुनी रीत होती. पात्रातली रेती गेली किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली गेली, की त्या वाडीला जागाच राहत नाही. मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, महिन्याच्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि गोदाकाठची पिके गेलीच, कित्येक ठिकाणी जमीनही गेली. महसूल खात्याच्या भाषेत अशा जमिनीला ‘खरडून गेलेली’ म्हणतात. वरचा काळा थर निघून गेल्यावर खाली उघडा पडतो तो मुरूम. काळ्या मातीचा एक इंच थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, तो जायला एक रात्र पुरली.

आता पहिला आक्षेप. शोकाची ही रीत परकी आहे, असे म्हणणाऱ्याने मराठवाड्यातली धोंडी आठवून पाहावी. मृग कोरडा गेला की एखाद्या पोराच्या अंगाला कमरेपासून डोक्यापर्यंत लिंबाचा पाला बांधतात. दोघे जण आडवे मुसळ खांद्यावर घेतात आणि त्याला बेडूक टांगलेला असतो. वरात दारोदार जाते. प्रत्येक घरची बाई घागर घेऊन बाहेर येते आणि टंचाईच्या दिवसांतले ते पाणी त्या पाल्यावर ओतते. पाला निथळतो, अंगणात चिखल होतो, पोरे त्यातच नाचतात. दारोदारचे पीठ-दाणे गोळा होतात आणि शेवटी सगळ्यांचा मिळून स्वयंपाक होतो. पाणी नसताना पाणी ओतण्याची ही कृती हिशेबाने पाहिली तर उधळपट्टीच आहे. पण ज्या घरात दोन घागरी उरल्या आहेत त्या घरची बाई त्यांतली एक ओतते, तेव्हा संकट सगळ्यांचे आहे हे ती भाषणाशिवाय मान्य करते. उघड्यावरची, सर्वांच्या सहभागाची, स्थानिक वस्तूंची आणि दुसऱ्या दिवशी मागमूस न उरणारी ही कला आहे. तिला कलेचे नाव कुणी दिले नाही एवढेच.

माणसाखेरीज इतरांचा शोक मराठी मनाला परका आहे, हेही खरे नाही. वर्षानुवर्षे राबलेला बैल गेला की शेतकरी त्याला बांधावर पुरतो, काही जण त्याचा दहावा घालतात, गावाला जेवू घालतात. नदीला नवे पाणी आले की बायका खण-नारळाने तिची ओटी भरतात. जिची ओटी भरता येते तिचा दुखवटाही धरता येतो. आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. काळीत जे घडते त्याचा जाब पांढरीत द्यावा लागतो, ही समज या शब्दांच्या जोडीतच आहे. काळी खरडून गेली आणि पांढरीत सुतक नाही, ही अवस्था उलट नवी आहे.

पाथरीच्या इतिहासात याहूनही ठळक दाखला आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. त्या घराण्यातला बुऱ्हाण निजामशहा गादीवर होता तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाणने त्याच्या बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला, आणि १५१८ साली निजामशाही फौजेने पाथरी जिंकून घेतली. राजाच्या सत्तालोभाचा भाग त्यात असणारच. तरी एका गावाच्या बदल्यात दुसरा मुलूख चालत नाही, हे कारण पाचशे वर्षांपूर्वी लढाईला पुरेसे मानले गेले. जवळच्या काळात, २०२० च्या जानेवारीत, साईबाबांच्या जन्मस्थानाच्या दाव्यावरून पाथरी आणि शिर्डी यांच्यात वाद पेटला तेव्हाही मुद्दा हाच होता की जागेला पर्याय नसतो. त्या दाव्याच्या खरेखोटेपणाशी इथे कर्तव्य नाही. स्थान ही गोष्ट अदलाबदलीची नाही, हे पाथरीकरांना कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको, एवढे त्यातून दिसते.

आणि नेमक्या या अदलाबदलीच्या कल्पनेवरच दुसरा आक्षेप उभा आहे. रडू नका, झाडे लावा. हा सल्ला इतका सज्जन वाटतो की त्याला विरोध करणे जड जाते, पण करायला हवा. राज्य शासनाने २०१६ पासून वृक्षलागवडीची मोहीम घेतली. पहिल्या वर्षी दोन कोटी, मग चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी, असे आकडे चढत गेले. शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ही दुरुस्ती आधीच्या नियमापेक्षा नक्कीच चांगली आहे, कारण झाडाला वय असते हे तिने प्रथमच मान्य केले. पण त्या वयाचे तिने लगेच रोपांत रूपांतर केले. ऐंशी वर्षांचा लिंब तोडला तर ऐंशी रोपे. ऐंशी रोपांचे पहिले वर्ष म्हणजे ऐंशी वर्षे नव्हेत. त्या लिंबाच्या ढोलीतला पिंगळा, खोडाला टेकून घासले गेलेले ओझेवाल्यांचे खांदे, त्याच्या सावलीला भरणारा बाजार, एसटीची वाट पाहणाऱ्या तीन पिढ्या, यांतले काहीच रोपवाटिकेत मिळत नाही.

लागवड चुकीची आहे, असा याचा अर्थ नाही. घरात मृत्यू झाला आणि त्याच आठवड्यात पाळणा हलला तर कुणी बाळाला मेलेल्याची भरपाई म्हणत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी असतात. शोक टाळून केलेली लागवड मात्र भरपाईचे सोंग घेते, आणि म्हणूनच तोडणाऱ्याला ती सोयीची पडते. रोपे लावली की हिशेब मिटला, पुढचे झाड तोडायला मोकळे. मुंबईत आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडे पडू लागली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेलेली होती. तिथे जमलेली माणसे भरपाईची रोपे मोजायला आली नव्हती. ती त्या झाडांसाठी आली होती. सांगली जिल्ह्यात भोसे येथील जुना वड महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये तो वाचला, कारण त्या परिसरातल्या लोकांनी हाच वड हवा असा आग्रह धरला. वडाच्या बदली वड चालला असता तर रस्ता आखला होता तिथूनच गेला असता.

शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या माळावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई उभी केली. तिथे २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरले आणि वडाला अध्यक्ष केले गेले. त्याला कुणी परकी थेरे म्हटले नाही. मराठवाड्याने ते कौतुकाने स्वीकारले. झाडाला अध्यक्षपद देण्यात जी कल्पकता आहे तीच झाडाचा दहावा घालण्यात आहे. पण पहिली मंगल वाटते आणि दुसरी अभद्र. हा शकुन-अपशकुनाचा अडसर खरा आहे आणि तो उघड बोलला गेला पाहिजे. आपण जन्माचे सोहळे गावभर करतो आणि मरण घाईने आवरतो. निसर्गाच्या बाबतीत तर मरण आवरण्याचीही रीत उरलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शोकाने लढण्याची ताकद जाते, मागणी बोथट होते, सरकारला आयतेच निभावून जाता येते, असे चळवळीतली माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही, कारण नुसत्या हळहळीने कालव्याला पाणी सुटत नाही आणि वाळूचे टिप्परही थांबत नाहीत. तरी हा आक्षेप चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे पंचनाम्याच्या कागदावर दिसते.

पूर ओसरला की ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी शिवारात येतात. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत, खाली असेल तर नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे, अशी तरतूद सांगितली गेली. ही मदत हक्काची आहे आणि ती पूर्ण व वेळेवर मिळावी यासाठी भांडलेच पाहिजे. पण पंचनाम्याला जे रकाने नाहीत ते नुकसान सरकारदरबारी झालेलेच नसते. बांधावरची बाभूळ, जिच्या सावलीत बैल सुटायचे, तिला रकाना नाही. आजोबाने पंचवीस वर्षे शेणखत घालून कसदार केलेल्या तुकड्याला रकाना नाही. तो आणि शेजारचा पडीक तुकडा एकाच हेक्टरात बसतात. नदीकडे उतरणारी पायवाट, बायकांचा धुण्याचा दगड, नाव असलेला डोह यांनाही रकाना नाही. वाळूचेही तसेच. कायद्यात ती गौण खनिज आहे आणि ब्रासमध्ये मोजली जाते. शंभर घनफुटांचा एक ब्रास. उपसा बेकायदा असेल तर दंडही ब्रासवरच. नदीचे नुकसान ब्रासमध्ये मांडले की नदी ही वाळूची वखार होते आणि भांडण फक्त वखारीच्या मालकीचे उरते.

लोकांनी मिळून केलेली शोकाची मांडणी हा दुसरा पंचनामा आहे. त्यात रकाने लोकांचे असतात. काय गेले याची यादी तिथे प्रथम तयार होते, कारण मांडायचे म्हटले की नाव घ्यावेच लागते. कुणी बाभळीची काटकी ठेवतो, कुणी डोहाचे नाव सांगतो, आणि तो डोह पंधरा वर्षांच्या मुलाने ऐकलेलाही नसतो. मासेमारीचे अभ्यासक डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली स्थिती हीच मूळ स्थिती धरून चालते आणि तिथून पुढची घट तेवढी मोजते. आधीची घट हिशेबातूनच गळते. पाथरीच्या ज्या मुलाने गोदेचे पात्र बाभळींनी भरलेलेच पाहिले आहे त्याला रेतीतली वाडी म्हणजे गोष्ट वाटणार. तो कशाची मागणी करणार? जे होते हेच त्याला ठाऊक नाही ते तो परत मागूही शकत नाही. म्हातारी माणसे आणि पोरे एकाच मांडणीवर हात लावतात तेव्हा ही गळलेली घट पुन्हा हिशेबात येते. मागणीची उंची ठरते ती इथे.

आणि शोक व लढा एकमेकांना मारक असतात, हे महाराष्ट्राच्या अनुभवाला धरून नाही. नर्मदेच्या काठी मणिबेली हे सरदार सरोवराखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांतले पहिले गाव. तिथल्या आदिवासींनी चढत्या पाण्यात उभे राहून सत्याग्रह केले, गाणी म्हटली, देवांचा आणि पूर्वजांच्या जागांचा शोक केला. त्याच वर्षांत जागतिक बँकेला आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली आणि मार्च १९९३ मध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज सोडून दिले. धरण झाले, गावे बुडाली. पण ज्यांनी शोक केला तेच पुढे तीस वर्षे पुनर्वसनासाठी भांडत राहिले. आपले काय गेले याचा विसर त्यांना पडला नव्हता.

शोकाचा उपयोग कागदावरही होऊ शकतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांकडून माहिती घेऊन लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी योजना आहे. ही वही कार्यालयात बसून भरली तर तिच्यात सगळीकडे सारखीच झाडे आणि सारखेच पक्षी येतात. ती भरण्याची खरी वेळ माणसे गेलेल्या गोष्टींची नावे आपणहून घेत असतात तीच. ओव्यांचा अनुभव याबाबत बोलका आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावांतल्याही आहेत. दळण गिरणीत गेले, जाते अडगळीत गेले, आणि ओव्या उरल्या त्या कुणीतरी वेळेवर विचारले म्हणून. नदीबद्दल, झाडांबद्दल, मातीबद्दल तसे विचारणे अजून बाकी आहे आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. वाळूचा ट्रॅक्टर गावातल्याच कुणाचा तरी असतो. कालव्याचे पाणी उसाला देणारे हात गावचेच असतात. शिवाय पाथरीला ते पाणी मिळावे म्हणून पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली गावे जायकवाडीच्या नाथसागराखाली गेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले हे धरण पाथरीसाठी भाग्याचे ठरले, तिकडच्या गावांसाठी नव्हे. मग दोषी असणाऱ्यांनी शोक करायचा कोणत्या तोंडाने? मराठी गावाकडे याचे उत्तर आहे. मयताला खांदा देताना भाऊबंदकीतला वैरीही येतो आणि त्याला कुणी परत पाठवत नाही. खांदा दिल्याने कोर्टातला दावा मिटत नाही, पण खांदा द्यायला न आलेल्या माणसाशी बोलणेच संपते. ट्रॅक्टरवाल्याने मांडणीत मूठभर रेती ठेवली तर त्याचा दंड माफ होणार नाही, होऊही नये. त्याला निदान सगळ्यांसमोर ती मूठ उघडावी लागेल. आणि पाथरीच्या मांडणीत नाथसागराखालच्या गावांसाठीही एक जागा राखायला हवी. आपल्या नुकसानीचा शोक करणारा समाज आपल्यासाठी झालेल्या नुकसानीबद्दल गप्प राहिला तर त्याचा शोक अपुरा.

उरतो तो कार्यक्रमबाजीचा आक्षेप. तो बऱ्याच अंशी खरा आहे आणि मान्य करायला हवा. ओलाफुर एलियासन या नामवंत कलावंताने ग्रीनलँडचे बर्फाचे प्रचंड खडक कोपनहेगनमध्ये, पॅरिसमध्ये आणि २०१८ साली लंडनमध्ये उघड्यावर आणून वितळत ठेवले. लोकांनी त्यांना हात लावले, कान लावले, काही जण हेलावलेही. पण हे बर्फ जिथून गेला तिथे घडले नाही आणि बर्फ वाहून आणायला जहाजे व ट्रक लागले. आपल्याकडे याची आवृत्ती फ्लेक्सची असते. वर पाहुण्यांचे फोटो, खाली प्रायोजकांची नावे, मधे कुठेतरी नदी. खड्ड्यांचे श्राद्ध, अधिकाऱ्याच्या नावाने मुंडण, प्रतीकात्मक तिरडी हे प्रकारही शोकाचे नव्हेत. त्यांचा रोख एखाद्याचा पाणउतारा करण्यावर असतो आणि त्या सवयीने दुखवट्याची भाषा स्वस्त झाली आहे. ज्याला खरोखर दुःख झाले आहे त्याने आता तिरडी बांधली तर लोक हसतात.

म्हणून या कलेला काही बंधने हवीत, आणि ती कलावंतांनी नव्हे, ज्यांचे गेले त्यांनी ठरवावीत. मांडणी नुकसानीच्याच जागी व्हावी. सामान तिथलेच असावे, विकत आणलेले नसावे. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याचा पैसा घेऊ नये. बाहेरचा कलावंत आला तर त्याने सांगावे कमी आणि उचलावे जास्त. मराठी मुलखात असे काम करणारे आहेत. चंद्रपूरच्या कोळसा-पट्ट्यातून आलेले प्रभाकर पाचपुते त्या खाणींचे चित्र कोळशानेच काढतात. मध्य प्रदेशातील सौंसरजवळ पारडसिंगा येथे श्वेता भट्टड यांनी गावकऱ्यांसोबत उभा केलेला ग्राम आर्ट प्रोजेक्ट शेतात पिकांनीच आकृती उगवतो. निलंग्यात मंगेश निपाणीकरांनी शिवरायांची भव्य प्रतिमा शेतात उगवून दाखवली, ती गौरवासाठी होती. पण जमिनीचाच कागद करण्याचे कसब मराठवाड्याजवळ आहे, हे तिने सिद्ध केले.

पाथरीच्या गोदाकाठी अशी मांडणी कशी होईल, हे कल्पनेने पाहता येते. दिवस चैत्राचे, नदी खाली गेलेली. खरडलेल्या शेतांचे मालक आपापल्या शेतातून एकेक घमेले मुरूम आणतात, पिवळसर, खड्यांचा, हाताला टोचणारा. ज्यांची जमीन वाचली ते एकेक ओंजळ काळी माती आणतात. लग्नकार्यात चौक भरतात तसा मोकळ्या जागी चौक आखला जातो. हळदी-कुंकवाच्या जागी मुरूम आणि काळी. आयाबाया चिमटीने रेघ ओढतात तशीच ती ओढली जाते, फक्त चिमटीची मूठ होते. प्रत्येक जण आपला मुरूम टाकताना गट क्रमांक न सांगता शेताचे नाव सांगतो, कारण शेतांना नावे असतात: चिंचेचे, विहिरीचे, वाटेवरचे, सासऱ्याने दिलेले. शाळेतली एक मुलगी ती वहीत उतरवून घेते. चौकाचा एक कोपरा रेतीने भरायचा असतो आणि पुरेशी रेती गोळा होत नाही, म्हणून तो अर्धा राहतो. नाथसागराखाली गेलेल्या गावांसाठी मधोमध पाण्याने भरलेला तांब्या ठेवला जातो. कुणी सूर धरला तर ओवी होते, न धरला तर शांतता चालते. फोटो काढणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण त्याच्या हातातही घमेले दिले जाते.

ती वही १ मेच्या ग्रामसभेत वाचली जाते आणि शेतांची, डोहांची, झाडांची नावे ठराव करून लोक जैवविविधता नोंदवहीत घेतली जातात. खरडलेल्या जमिनीच्या मदतीचा, गाळ-माती भरण्याच्या कामांचा आणि वाळूउपशाचा जाब त्याच सभेत त्याच यादीवरून विचारला जातो. चौक तसाच ठेवतात. मृगाच्या पहिल्या सरीत मुरूम आणि काळी एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसात ती रेघ उताराने नदीकडे निघते.